दुसऱ्या ताटाकडे कोण बघणार?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : जेवण सोडणाऱ्या मुलांचा आजार आणि त्यांच्या घरातली भावंडं.

महोदय,



मी मुरबाड तालुक्यातल्या धसईचा. आमच्या गावाचं नाव आपल्या कानावर असेल. नोटाबंदीनंतर, डिसेंबर २०१६ मध्ये, रोख रकमेशिवाय व्यवहार करणारं गाव म्हणून धसईचा गाजावाजा झाला. मंत्री आले, वाहिन्यांच्या गाड्या आल्या, छोट्या छोट्या दुकानदारांकडे कार्डाची मशिनं आली. मी सांगणार आहे ती गोष्ट त्याच्या आठ वर्षं आधी सुरू झाली, त्याच बाजाराच्या मागच्या आळीत. ती बघायला कुणी आलं नाही. ती माझ्या मोठ्या बहिणीची आहे, आणि थोडी माझी. तिच्या परवानगीने लिहितो आहे. पत्र तिला वाचून दाखवलं. दोन ठिकाणी तिने खोडायला लावलं, ते खोडलं.

आमच्या शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यातून आपल्या खात्याकडे भुकेच्या बातम्या येतात त्या कुपोषणाच्या. त्या खऱ्या आहेत. कातकरी आणि ठाकरांच्या वाड्यांवर पावसाळा आजही जड जातो, दिवाळी झाली की माणसं पोराबाळांसकट वीटभट्ट्यांवर निघतात. अंगणवाडीताई सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला काट्यावर ठेवतात, वाढीच्या तक्त्यावर ते कोणत्या रंगात येतं हे बघतात. घरात अन्न नाही म्हणून मूल रोडावतं, ही भूक आपल्या यंत्रणेला ओळखता येते. आमच्या घरात अन्न होतं. थोडी भातशेती होती, छोटं किराणा दुकान होतं, कणगीत वर्षाचं भात होतं. तरीही माझी बहीण आमच्या डोळ्यांदेखत उपासमारीने मरायला टेकली होती.

२००८ च्या पावसाळ्यात ताईला कावीळ झाली. ती बारावीला होती, रोज एसटीने मुरबाडला जायची. मी आठवीत. आमच्याकडे काविळीचं पथ्य कडक असतं. तेल बंद, तिखट बंद, हळदसुद्धा बंद. नुसता मऊ भात आणि ताक. दीड महिना तिने ते पाळलं. कावीळ उतरली, डोळे निवळले. बघायला आलेल्या बायका म्हणाल्या, "बारीक झालीस, पण बरी दिसतेस हां." काविळीचं पथ्य संपलं. ताईचं संपलं नाही.

मग श्रावण लागला. सोमवार झाले, शनिवार झाले. पुढे संकष्टी, मग नवरात्राचे नऊ दिवस. उपास करणाऱ्या मुलीचं आपल्याकडे कौतुकच होतं. आजी आळीभर सांगायची, "माझी नात सगळे वार धरते." साबुदाण्याच्या खिचडीलाही ताई हात लावायची नाही. उपास देवाचा की आजाराचा, हे ओळखायची एक खूण आहे, ती मला फार उशिरा कळली. देवाचा उपास सुटतो. ताईला उपास सोडायची वेळ आली की काहीतरी काम निघायचं, नाहीतर पोटात दुखायचं.

आमच्या घरात बायका शेवटी जेवतात. पुरुष आणि मुलं उठली की त्या बसतात. ताई तांदळाच्या भाकऱ्या थापायची, सुकटीचं कालवण करायची, पावसाळ्यात कुर्डू-टाकळा निवडायची आणि सगळ्यांना आग्रह करकरून वाढायची. आईबरोबर बसायची वेळ आली की हिने भांडी घासायला काढलेली असायची. "मी मघाशीच जेवले" एवढं पुरायचं. ज्या घरात बाईचं ताट कुणी बघतच नाही, तिथे ते रिकामं ठेवणं अवघड नसतं.

मला मात्र ती चार-चार भाकऱ्या खायला लावायची. "अजून एक घे ना रे." मी नको म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा. या आजारात माणूस स्वतः खात नाही आणि दुसऱ्याला खाऊ घालण्यात रमतो, हे मला पुढे कळलं. तेव्हा इतकंच कळत होतं, की मी पोट तडतडेपर्यंत जेवलो की ताई हसते. तिला हसवायला मी जेवत राहिलो. वर्षभरात मी गुबगुबीत झालो आणि ती हाडांवर आली. शेजारच्या एका काकू दुकानात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "भाऊ बहिणीच्या वाटचं खातोय वाटतं." गिऱ्हाइकं हसली. मी तेरा वर्षांचा होतो. मला ते खरं वाटलं.

महोदय, त्या घरात सगळं आधी मला कळलं होतं. भाकरीचा तुकडा ओढणीच्या टोकात बांधून मागच्या दारी कुत्र्याला जातो, हे मी पाहिलं होतं. वैशाखातही ती अंगात स्वेटर घालते, हे पाहिलं होतं. तिच्या हातांवर बारीक लव उगवली होती, फणीत केसांचा गुंता यायचा. रात्री सगळे झोपल्यावर ती अंगणात येरझाऱ्या घालायची, तेव्हा मी खिडकीतून तिच्या फेऱ्या मोजायचो. एकदा मी तिला कुत्र्याला भाकरी टाकताना पकडलं. ती म्हणाली, "आईला सांगितलंस तर तुझ्याशी जन्मात बोलणार नाही." मी जवळजवळ दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. चुगली करणं वेगळं आणि जीव वाचवणं वेगळं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

घरात कळलं तेव्हा प्रत्येकाने आपापल्या परीने धाव घेतली आणि घर चार दिशांना फाकलं. आजीने मीठ-मोहऱ्या उतरवल्या. आईने म्हसा गावच्या जत्रेत म्हसोबाला नवस बोलला, पौषी पौर्णिमेच्या त्या गर्दीत ती अनवाणी चालत गेली. बाबांनी आधी समजावलं, मग दरडावलं, मग एका रात्री ताट उचलून भिंतीवर फेकलं. त्यानंतर ते बोलायचे बंद झाले. पोरीला लाडावून ठेवलंस, असं ते आईला म्हणत. तुमच्या ओरडण्याने पोरगी अशी झाली, असं आई त्यांना म्हणे. एका दवाखान्यात टॉनिक दिलं, दुसरीकडे क्षयाची तपासणी झाली, तिसरीकडे सोनोग्राफी. सगळं नॉर्मल आलं. एका डॉक्टरांनी हसत सांगितलं, "लग्न करून टाका, बरी होईल." आईला तिची पाळी थांबल्याचं माहीत होतं. ते तिने काविळीच्या अशक्तपणावर घातलं. कुणी विचारलंही नाही.

या सगळ्यात मी कुठे होतो, तेही सांगतो. नववीत असताना माझा हात मोडला. प्लास्टर घालून घरी आणलं त्या रात्रीही घरात विषय होता तो ताईने खाल्लेल्या अर्ध्या भाकरीचा. सहामाहीत मी दोन विषयांत नापास झालो. प्रगतिपुस्तकावर बाबांनी न बघता सही केली. घरातली जेवणाची वेळ मला नकोशी झाली. ताटावर बसलो की पुढे काय होणार या भीतीने घास फिरायचा. म्हणून मी शाळेतून येताना बाजारात भजी खायचो आणि घरी भूक नाही म्हणायचो. मग आई माझ्याकडे अशा नजरेने बघायची, की मी घाबरून पुन्हा जेवायचो. आई-बाबांना आता आणखी काही सोसवणार नाही, हे मला कळत होतं. म्हणून माझं दुखणं, माझी परीक्षा, माझी भीती मी घरात आणेनासा झालो. लोक म्हणायचे, "मुलगा किती समजूतदार आहे." मी समजूतदार नव्हतो. मला जागा नव्हती.

आणि मला रागही यायचा. एकदा ताटावर मी तिला म्हणालो, "मर ना एकदाची, म्हणजे सगळे सुटतील." ती काही बोलली नाही. तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

२०१० च्या लावणीत ती बांधावर कोसळली. आवणाची जुडी हातात होती. जीपने मुरबाड, तिथून कल्याण, तिथून मुंबईतलं मोठं सरकारी हॉस्पिटल. वजन ३१ किलो भरलं. नाडी मिनिटाला चाळीसच्याही खाली होती. तीन दिवसांनी मानसोपचाराचे डॉक्टर बोलवायचं ठरलं, तेव्हा बाबा खुर्चीतून उठले. आमच्या जिल्ह्यात "ठाण्याला न्या" या शब्दांचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. शंभर वर्षांत शहराचं नावच वेडाला चिकटून बसलं आहे. बाबा म्हणाले, "माझ्या पोरीला ठाण्याला नेणार नाही." त्यांना तासभर समजवावं लागलं.

त्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, अॅनोरेक्सिया नर्व्होसा. हा जिद्दीचा किंवा नखऱ्याचा प्रकार नव्हे, आजार आहे, असं सांगितलं. मानसिक आजारांत जीव घेण्याचं प्रमाण ज्यांचं सर्वांत जास्त आहे त्यांत हा येतो. इतके दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपेट जेवू घातलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरून हृदय बंद पडू शकतं, म्हणून आहार थोडा थोडा, रक्त तपासत वाढवावा लागेल, हेही सांगितलं. आई तर घरून शिऱ्याचा डबा घेऊन निघाली होती.

आठवडाभराने त्यांनी सगळ्या घराला बोलावलं. आजीलाही. मी दाराबाहेर बाकावर बसून राहिलो, कारण मला कुणी आत ये म्हटलं नव्हतं. डॉक्टर बाहेर आले आणि मला म्हणाले, "तू पण ये. तू झोपतोस का रात्री?" दोन वर्षांत मला विचारला गेलेला तो पहिला प्रश्न होता. मी उत्तर द्यायच्या आधी रडलो. मग ओढणीतल्या भाकरीपासून अंगणातल्या फेऱ्यांपर्यंत सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आजपासून ताईचं ताट बघायचं काम आई-बाबांचं. तुझं नाही. तू तिच्याशी कॅरम खेळ."

हे एकच वाक्य आमच्या घरात औषधासारखं लागू पडलं. त्यामागे काय अभ्यास आहे हे मी पुढे वाचलं. आपल्यापर्यंत तो पोचवावा म्हणूनच हे पत्र आहे.

दुसरं महायुद्ध संपत आलं असताना, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग केला. ते सगळे स्वखुशीने आले होते. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ती धडधाकट माणसं चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली. काहींनी पाककृती जमवायला सुरुवात केली, काही थोडंसं जेवण कितीतरी वेळ चघळत बसायचे. म्हणजे ताईचा बदललेला स्वभाव, तिचं खोटं बोलणं, आम्हाला खाऊ घालण्याचा तिचा हट्ट, यातलं पुष्कळसं उपाशी मेंदूचं काम होतं. हे आम्हाला वेळेवर कळलं असतं तर बाबांनी ताट फेकलं नसतं आणि मी ते वाक्य बोललो नसतो.

घरावर दोष ठेवायची रीत जुनी आहे. १८७३ मध्ये लंडनच्या विल्यम गल यांनी या आजाराला आजचं नाव दिलं, तेव्हा त्यांचंही मत होतं की अशा रोग्याजवळ नातेवाईक नकोत. पुढे कितीतरी वर्षं आई-बापांनाच गुन्हेगार ठरवलं गेलं. ते चूक होतं. खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय अकादमीने २०१० च्या निवेदनात स्पष्ट सांगितलं, की कुटुंब हे या आजाराचं मूळ कारण मानता येत नाही. २०१९ मध्ये सुमारे १७ हजार रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि आजाराशी जोडलेल्या आठ जागा सापडल्या. काहींच्या रक्तातच त्याचं बी असतं. कुणाच्या बाबतीत ते पथ्याने रुजतं, कुणाच्या बाबतीत एखाद्या शेऱ्याने, कुणाच्या बाबतीत आणखी कशाने. आईच्या लाडाने नाही आणि बापाच्या ओरडण्यानेही नाही. ही एक गोष्ट माझ्या आई-बापांना पहिल्या दिवशी कुणी सांगितली असती, तर त्यांची दोन वर्षं एकमेकांना दोष देण्यात गेली नसती.

उपचार कसा करावा हेही माहीत आहे. १९८० च्या दशकात लंडनच्या मॉडस्ले हॉस्पिटलमध्ये कुटुंबालाच उपचारात घेण्याची पद्धत तयार झाली. किशोरवयीन मुलांसाठी ती आज जगभर वापरली जाते. आधी आई-बाप मुलाच्या जेवणाची सूत्रं हातात घेतात, तिन्ही वेळा शेजारी बसून, न चिडता, न हरता जेवू घालतात. वजन सावरलं की सूत्रं हळूहळू परत मुलाच्या हाती दिली जातात. शेवटी मूल पुन्हा आपल्या वयाच्या आयुष्याला लागतं. सगळं मिळून सहा महिने ते वर्षभर. आणि या पद्धतीत भावंडांना बैठकीला मुद्दाम बोलावतात. त्यांना जेवणावर पहारा ठेवायला सांगत नाहीत. त्यांनी सोबत द्यायची असते, गप्पा मारायच्या, खेळायचं, आजाराच्या पलीकडची बहीण किंवा भाऊ जिवंत ठेवायचा. आमच्या डॉक्टरांचा कॅरम तिथून आला होता.

या उपचाराला यंत्र लागत नाही, महागडं औषध लागत नाही. लागतं ते एकत्र जेवणारं घर आणि त्या घराला आठवड्यातून एकदा वाट दाखवणारं माणूस. घर आमच्याकडे आहे. माणूस नाही.

भावंडांचं सांगताना मला एका परक्या घराची आठवण होते. कॅरन आणि रिचर्ड कार्पेंटर ही अमेरिकेतली बहीण-भावाची जोडी, १९७० च्या दशकात त्यांची गाणी जगभर वाजत. कॅरन याच आजाराने ४ फेब्रुवारी १९८३ रोजी गेली, अवघ्या ३२ व्या वर्षी. त्याआधी १९७९ मध्ये रिचर्डने स्वतः झोपेच्या गोळ्यांच्या व्यसनावर उपचार घेतले होते. पैसा, कीर्ती, डॉक्टर, काहीच कमी नव्हतं. तरी एका घरात दोन मुलं दोन तऱ्हांनी आजारी होती. तिचं दुखणं आणि त्याचं दुखणं यांचा संबंध मी जोडत नाही, तो माझा अधिकार नाही. पण एका मुलाकडे बघताना दुसऱ्याकडे बघायचं राहून जातं, ते झोपडीत राहतं तसं महालातही राहतं.

महोदय, आता मी तालुक्यातल्या एका शाळेत शिकवतो. आठवड्यातून एकदा मुलामुलींना लोहाची निळी गोळी देतो. राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तो आकडा ५४ टक्क्यांवर गेला होता. म्हणून गोळी समोर गिळली की नाही हे आम्ही बघतो. डबा खाल्ला की नाही, हे बघत नाही. मुलींच्या हातात आता मोबाइल आहे, त्यात महिन्यात दहा किलो उतरवायच्या युक्त्या आहेत. मुलांच्याही हातात आहे, त्यात दंड-छातीची चित्रं आहेत. हा आजार मुलांनाही होतो आणि त्यांच्यात तो आणखी उशिरा ओळखू येतो. जेवून ओकून टाकणं, अधाशासारखं खाऊन मग स्वतःचा तिटकारा करणं, अशीही खाण्याच्या विकारांची रूपं आहेत. त्यात वजन वरून ठीक दिसतं आणि ओकण्याने आतून पोटॅशियम घसरून हृदयाला धोका होतो. आपल्याकडच्या मुली "मी जाड आहे" असं म्हणतीलच असंही नाही. हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९० च्या दशकात दाखवलं, की तिथल्या कितीतरी रुग्णांना जाडीची भीती नव्हतीच. पोट फुगतं, भूक नाही, एवढंच त्या सांगायच्या. माझी ताईही तेच सांगायची. त्यामुळे दवाखान्यांनी पोट तपासलं आणि तिला घरी पाठवलं.

माझं मागणं मोठं नाही. आहे त्या यंत्रणेत बसेल असंच मागतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळेत येतात, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात. त्यांनी वजन लिहिताना गेल्या वर्षीचं वजनही शेजारी लिहावं. वाढत्या वयात वजन घटणं किंवा जागेवर थांबणं ही धोक्याची खूण मानावी, घरात अन्न असो वा नसो. मुलींना पाळीबद्दल आणि सगळ्यांनाच जेवणाबद्दल शांतपणे विचारावं.

आशाताईंना या आजाराची ओळख करून द्यावी. न सुटणारा उपास, थांबलेली पाळी, सतत थंडी, सगळ्यांना वाढून स्वतः न बसणारी मुलगी, जेवण झाल्याझाल्या मोरीत जाणारा मुलगा. आमच्या गावाची आशाताई यातलं प्रत्येक लक्षण घराच्या उंबऱ्यावरून ओळखू शकेल. तिला कुणी सांगितलं पाहिजे.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या माणसांना कुटुंबासह उपचाराचं प्रशिक्षण द्यावं आणि ती सेवा मुरबाड आणि शहापूरपर्यंत आणावी. धसईहून मुंबईला दर आठवड्याला जाणं म्हणजे चौघांच्या मजुरीचा दिवस बुडवणं. आम्ही दुकान बंद ठेवून गेलो. वाडीवरचा माणूस काय बंद ठेवणार?

टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येतं. शाळेच्या भिंतीवर तो लिहा आणि खाली लिहा, की जेवणाच्या त्रासासाठीही इथे फोन करता येतो, आणि स्वतःसाठीच नव्हे तर भावाबहिणीसाठीही करता येतो.

आणि शेवटचं मागणं, ज्याच्यासाठी हे पत्र लिहिलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला, २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या १८ व्या कलमात रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा आणि मुलांसाठीच्या मानसिक आरोग्य सेवा देणं ही सरकारची जबाबदारी म्हणून लिहिली आहे. कुटुंब म्हणजे फक्त सही करणारे आई-बाप नव्हेत. घरातलं दुसरं मूलही कुटुंब आहे. जेव्हा जेव्हा एखादं मूल या आजारासाठी सरकारी दवाखान्यात येईल, तेव्हा त्याच्या भावंडाला एकदा तरी वेगळं बसवून बोलावं. त्याला तीन गोष्टी सांगाव्यात. हे तुझ्यामुळे झालेलं नाही. तिचं ताट सांभाळणं तुझं काम नाही. आणि तुला राग येतो, तो आला तरी तू वाईट नाहीस. या तीन वाक्यांना खर्च येत नाही. ती मला पंधराव्या वर्षी मिळाली, तेराव्या वर्षी मिळाली असती तर बरं झालं असतं.

आई-बापांनाही एक विनंती करतो, हे पत्र त्यांच्याही हाती पडेल म्हणून. आजारी मुलाला वेळ द्यावाच लागतो, तो द्या. पण आठवड्यातली एक संध्याकाळ दुसऱ्याची ठेवा. त्याच्याबरोबर बाजारात जा, वहीत बघा, त्याचा मोडलेला हात बघा. "तू तरी त्रास देऊ नकोस" असं त्याला म्हणू नका. ते मूल ते वाक्य फार मनापासून पाळतं.

ताई आज बरी आहे. पुरती बरी व्हायला चार वर्षं लागली, मध्ये एकदा घसरली. हाडं वयाच्या मानाने ठिसूळ राहिली आहेत, श्रावण अजून जड जातो. बाबा तिच्या शेजारी बसून सहा महिने जेवले. ज्या माणसाने ताट फेकलं होतं, त्याने दुकान उशिरा उघडलं, पण तिचा नाश्ता चुकवला नाही. दर भाऊबीजेला मी तिच्याकडे जातो. ओवाळून झालं की दोन ताटं एकदमच वाढली जातात आणि आम्ही एकदमच बसतो. मी तिला बोललेलं ते वाक्य तिला आठवतं. मी माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "मला त्या दिवशी वाटलं होतं, निदान एकाला तरी खरं दिसतंय."

गेल्या वर्षी वर्गातल्या एका मुलीचा डबा रोज भरलेलाच परत जाताना दिसला. मी तिच्या धाकट्या भावाला व्हरांड्यात बोलावलं आणि विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना? तू जेवतोस ना रे?" त्याने खाली मान घातली आणि दहा मिनिटं बोलत राहिला. त्या घरापर्यंत आम्ही वेळेत पोचलो.

महोदय, शाळेच्या तपासणीच्या कागदावर आणि दवाखान्याच्या केसपेपरवर एक ओळ वाढवा : घरात आणखी कोण मूल आहे, आणि ते कसं आहे? २००८ साली मला सगळं माहीत होतं. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

आपला,
धसईतला एक भाऊ